वीसपैकी वीस

सिरसाळ्याच्या पुढच्या फाट्यावर बस थांबते. तिथून आमची शाळा दीड किलोमीटर. मी परळीहून येते. चौदा वर्षं झाली, आठवी ते दहावीच्या मुलांना विज्ञान शिकवते आहे. त्यातली पहिली सहा वर्षं मी विज्ञान शिकवलं असं म्हणायला आता माझी जीभ रेटत नाही.

नोकरीला लागले त्या पहिल्याच आठवड्यात मी आमच्या शिपाईमामांना विचारलं, प्रयोगशाळा कुठं आहे. ते म्हणाले, हाय की, आणि किल्ल्यांचा जुडगा घेऊन पुढं निघाले. व्हरांड्याच्या टोकाची खोली. दार उघडायला आम्हा दोघांना जोर लावावा लागला, कारण आतून खिचडीच्या तांदळाची पोती दाराला टेकली होती. पोत्यांच्या मागं मोडके बाक, जुने नकाशे, झेंड्याचा खांब. त्याच्याही मागं भिंतीला लागून दोन काचेची कपाटं. एकात परीक्षानळ्या, चार चंचुपात्रं, एक ब्युरेट, द्रव मोजून ओढायचं एक पिपेट, एक स्पिरिटचा दिवा. दुसऱ्यात बाटल्या, पण त्यांच्यावरची लेबलं कसरीनं खाल्लेली. एक सूक्ष्मदर्शकही होता, लाकडी पेटीत नीट ठेवलेला, फक्त त्याचा आरसा कुणीतरी काढून नेला होता. प्रयोगशाळा साहाय्यकाची जागा कधीचीच रिकामी होती आणि ती भरायची शक्यता नव्हती.

बी.एड. ताजं होतं. मी ठरवलं, जे आहे त्यात करायचं. चार चंचुपात्रं आणि बासष्ट मुलं. दिव्याला वात नव्हती, मी घरून सुती कापडाची वळून नेली. टेबल वर्गाच्या मधोमध ओढलं आणि मुलांना भोवती उभं केलं. मागची मुलं बाकांवर चढली. नळी तापवताना ती तडकली आणि एका मुलाच्या तळहाताला काच लागली. फार नाही, दोन थेंब रक्त. पण दुसऱ्या दिवशी त्याचा चुलता शाळेत आला आणि मुख्याध्यापकांच्या खोलीत बराच वेळ मोठ्यानं बोलत बसला.

तो गेल्यावर सरांनी मला बोलावलं. सर वाईट माणूस नव्हते. गणिताच्या शिक्षकाची जागा रिकामी म्हणून दहावीचं गणित ते स्वतः घेत, आणि त्यासाठी सकाळी सगळ्यांच्या आधी येत. त्यांनी मला समजावून सांगितलं की पोर्शन निम्मा राहिलाय, निकाल खाली आला तर मुलं दुसरीकडं जातील, वर्ग तुटतील, आणि प्रात्यक्षिकाचे वीस मार्क तर आपल्याच हातात आहेत. ते सगळ्या शाळा देतात. आपण नाही दिले तर आपलीच मुलं मागं पडतील. मग म्हणाले, "मॅडम, पोरांचं यात काय नुकसान हाय, तुम्हीच सांगा."

मी मान हलवली आणि तासावर गेले.

मला हे कबूल केलं पाहिजे की त्यानंतर सगळं फार सोपं झालं. खोलीला पुन्हा कुलूप लागलं. जानेवारी आला की मी फळ्यावर लिहायची: उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. मुलं मान खाली घालून उतरवायची. निरीक्षणसुद्धा मीच सांगायची. द्रावणाचा रंग बदलला, असं मी म्हणायची आणि बासष्ट पेनं ते वहीत लिहायची. एका प्रयोगाला एक तास पुरायचा, कधी दोन प्रयोग व्हायचे. मग प्रयोगवह्यांचा गठ्ठा टेबलावर यायचा आणि मी लाल पेननं सही करत जायची. प्रात्यक्षिक परीक्षेचा दिवस कागदावर असायचा. त्या दिवशी मुलं मैदान झाडायची.

ती मुलगी माझ्या चौथ्या वर्षी आठवीत आली. गावाच्या कडेला बौद्ध वस्ती आहे, तिथली. वडील सिरसाळ्याच्या रस्त्यावर वीटभट्टीवर कामाला होते, आई रोजानं शेतात जायची. घरात ती मोठी, खाली एक भाऊ. अंगानं बारीक, बोलणं कमी. पण वही तिची अशी, की पाहिलं की दुसऱ्याला द्यावीशी वाटू नये. आकृती काढायला तिच्याकडं धड पट्टी नव्हती, पट्टीचा अर्धा तुकडा होता. त्यानं ती सरळ रेघ काढायची आणि वळणं हातानं. चंबूचं पोट, नळीची गोलाई, दिव्याची ज्योत, सगळं पुस्तकात असतं तसं. नावं देताना बाणांची टोकं एका ओळीत यायची. मी तिची वही इतर वर्गांत नेऊन दाखवायची. एकदा तालुक्याचे साहेब तपासणीला आले, तेव्हा सरांनी सगळ्यांत वर तिची वही ठेवली. साहेबांनी पानं उलटली आणि म्हणाले, वा, इथं प्रयोग चांगले होतात.

नववीत असताना ती एकदा मधल्या सुट्टीत माझ्याकडं आली. प्रयोगशाळेतल्या साहित्याच्या आकृत्या काढून आणल्या होत्या. पुस्तकात सगळी उपकरणं एकाच चौकटीत, एकाच उंचीची छापलेली असतात. तिनं पिपेटवर बोट ठेवलं आणि विचारलं, "मॅडम, हे खरं केवढं असतं?"

मी दोन्ही हात पसरून दाखवलं, एवढं असेल. तिनं माझ्या हातांमधलं अंतर पाहिलं. मग विचारलं, यात पाणी वर कसं चढतं. मी म्हणाले, तोंडानं ओढतात. ती म्हणाली, बरं, आणि गेली.

पिपेट कपाटात होतं. आमच्यापासून चार खोल्या पलीकडं. शिपाईमामा त्या वेळी खिचडीचं पातेलं उचलत होते, किल्ली त्यांच्या कमरेला होती, आणि मला पुढच्या तासाला दहावीवर जायचं होतं. मामांना हाक मारली असती तर पाच मिनिटं लागली असती. हौदातलं पाणी घेऊन तिला दोनदा ओढून दाखवलं असतं. हा हिशेब मी नंतर इतक्या वेळा केला आहे की आता त्याला काही अर्थ उरलेला नाही.

दहावीत प्रात्यक्षिकाला मी तिला वीसपैकी वीस दिले. त्या वर्षी तसे आणखी बऱ्याच जणांना दिले होते. पण तिला देताना मला बरं वाटलं होतं. बाकीच्यांना देताना हात जरा आखडायचा, हिला देताना वाटलं, हिचा हा हक्कच आहे.

ती शाळेत पहिली आली. निकालाच्या दुसऱ्या दिवशी तिचे वडील पेढे घेऊन शाळेत आले. भट्टीवरून तसेच आले होते, केसांवर राखेची पूड होती. गुणपत्रक त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणलं होतं. ते काढून त्यांनी मला विज्ञानाच्या मार्कांवर बोट ठेवून दाखवलं आणि म्हणाले की आता हिला सायन्सलाच घालायचं, वस्तीतली सायन्सला जाणारी ही पहिली पोरगी. ती त्यांच्या मागं उभी होती. मी तिला विचारलं, पुढं काय करायचं मनात आहे. ती म्हणाली, औषधाचं शिकायचं. फार्मसी हा शब्द तिला माहीत होता, पण तो उच्चारायला ती लाजली असावी.

अंबाजोगाईच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात तिला प्रवेश मिळाला आणि मुलींच्या सरकारी वसतिगृहात जागाही. जायच्या आधी ती घरी पाया पडायला आली नाही, वस्तीत ती पद्धत नाही. शाळेत आली आणि म्हणाली, मॅडम, जाते. मी तिला एक पेन दिला. एवढंच.

पावसाळा सरत आला होता तेव्हाची गोष्ट. बसमध्ये माझी एक जुनी विद्यार्थिनी भेटली, ती अंबाजोगाईलाच शिकत होती. तिनं सांगितलं की आपल्या गावातली ती मुलगी चार दिवस झाले दवाखान्यात आहे, लॅबमध्ये तिच्या तोंडात काहीतरी गेलं. मी विचारलं, काय गेलं. तिला नीट माहीत नव्हतं. ॲसिड म्हणतात, ती म्हणाली.

शनिवारी शाळा अर्धा दिवस असते. मी फाट्यावरूनच परळीची आणि तिथून अंबाजोगाईची गाडी धरली. जाताना केळी आणि बिस्किटांचे पुडे घेतले. सरकारी दवाखान्यात विचारत विचारत वॉर्डात पोहोचले. ती खाटेवर भिंतीला टेकून बसली होती. ओठ सुजलेले, एका कडेला पांढरे पडलेले. आई शेजारी बसून चमच्यानं थंड दूध पाजत होती. एक चमचा गिळायला तिला इतका वेळ लागत होता, की आई मधे चमचा हातात धरून नुसती थांबायची.

मला पाहून ती उठायला लागली. मी तिला खाली बसवलं. हातातली पिशवी कुठं ठेवावी ते मला कळेना. आईच्या ते लक्षात आलं. ती म्हणाली, "ठिवा मॅडम, हिचे बाबा खातील."

काय झालं ते मला तिथं तुकड्यातुकड्यानं कळलं, काही आईकडून, काही शेजारच्या खाटेजवळ बसलेल्या तिच्या मैत्रिणीकडून. टायट्रेशनचं, म्हणजे द्रावणं थेंबाथेंबानं मोजून मिसळायचं प्रात्यक्षिक होतं. चार मुलींत एक पिपेट. तिथल्या सरांनी पुढं उभं राहून एकदा करून दाखवलं होतं, पण तुकडी मोठी, मागच्यांना फारसं दिसलं नव्हतं. कुणी पुढं व्हायला तयार नव्हतं. मग त्या मुली हिला म्हणाल्या, तुझे वीसपैकी वीस आहेत, तू कर. हिनं पिपेट घेतलं. बाटलीत द्रावण थोडंच उरलं होतं. पिपेटचं टोक द्रावणाच्या वर आलं की ओढताना हवा आत शिरते आणि नळीतलं सगळं एकदम तोंडात येतं. ज्यानं एकदा साध्या पाण्यानं पिपेट भरलंय त्याला हे सांगावं लागत नाही. एकदा पाणी तोंडात आलं, की टोक कायम खाली ठेवायचं हे हाताला कळतं. हिच्या तोंडात पाणी आलं नाही, कॉस्टिक सोडा आला. तोही पातळ केलेला नाही, गडबडीत तिनं शेजारची दाट द्रावणाची बाटली घेतली होती. घाबरून तिनं थोडा गिळला.

डॉक्टर म्हणाले होते, जीव वाचला, घशाला आणि अन्ननलिकेला भाजलंय, भरेल, पण वेळ लागेल आणि लक्ष ठेवावं लागेल. आईनं ते शब्द पाठ केल्यासारखे मला सांगितले. मग म्हणाली की मॅडम तुमी एवढ्या लांब आलात, लई बरं वाटलं.

मी निघताना ती बोलली. आवाज नव्हताच, नुसता श्वास होता. मला वाकावं लागलं.

"मॅडम, आकृती मला येत होती," ती म्हणाली.

परत येताना बस घाटातून उतरत होती तेव्हा मला रडू आलं. शेजारी एक आजीबाई होत्या, त्यांनी विचारलं, दवाखान्यात कोण हाय? मी म्हणाले, विद्यार्थिनी. त्या म्हणाल्या, तुमी मास्तरीण व्हय, आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. तो हात मला नकोसा झाला होता, पण काढा म्हणता येईना.

ती बरी झाली. जखम भरली, गिळता येऊ लागलं. दिवाळीच्या सुट्टीत गावी आली ती परत गेलीच नाही. मला हे तिच्या वडिलांकडून कळलं. ते दुपारी शाळेत आले आणि व्हरांड्यात चप्पल काढून उभे राहिले. मी त्यांना आत बोलावलं, स्टाफरूममध्ये त्या वेळी कुणी नव्हतं. ते खुर्चीच्या कडेवर बसले.

ते म्हणाले की पोरगी सायन्स सोडती म्हणती. आर्ट्सला जाते म्हणती, सिरसाळ्याला. त्यांनी सगळे प्रकार करून पाहिले होते. रागावले, समजावलं, तिच्या मामाला बोलावलं. ती एकच म्हणायची, मला येत नाही, मला जमणार नाही. आपली पोरगी ढ नाही हे वडिलांना ठाऊक होतं. म्हणून ते माझ्याकडं आले होते. "तुमचं ती ऐकती," ते म्हणाले. "तुमी सांगा तिला, की तुला येतंय. तुमीच शिकवलंय तिला, तुमाला ठाव हाय."

टेबलावर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता, त्याची दोरी मी सोडत आणि बांधत होते. मग मी त्यांना सांगितलं. सगळं सांगितलं. की इथं प्रयोग होत नाहीत. की ती खोली बंद असते. की तुमच्या मुलीनं तीन वर्षांत एकही नळी हातात धरलेली नाही, तिनं सगळं माझ्या फळ्यावरून उतरवलं, आणि ते वीस मार्क मी नुसते लिहिले. तिनं मला एकदा पिपेट केवढं असतं असं विचारलं होतं तेही सांगितलं.

त्यांना ते कळायला वेळ लागला. त्यांनी दोनदा विचारलं, म्हणजे कसं. मी पुन्हा सांगितलं. मला वाटलं होतं, ते ओरडतील. ते ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं. ते खाली पाहत राहिले. मग म्हणाले, "आमी त्या मार्कांवर लई आनंद केलता, मॅडम."

बाहेर मुलांचा गलका चालला होता. घंटा झाली, वर्ग भरले, तरी ते उठले नाहीत. शेवटी म्हणाले की हे तुमी तिलाच सांगा. मग त्यांनी नीट समजावून सांगितलं, जणू मीच विद्यार्थी होते. "ती सोताला दोष देती. येक येक दिस बोलत न्हाई. तुमी सांगितलं की चूक तिची न्हाई, तर तिच्या मनावरचं उतरंल. मग आर्ट्सला जाऊ द्या न्हाईतर कुठं बी जाऊ द्या."

मी म्हणाले, येते. रविवारी येते.

ते उठले, हात जोडले आणि गेले.

त्या रविवारी माझ्या मुलाला ताप होता. ताप खरा होता. पण दुपारपर्यंत उतरला होता आणि त्याच्याजवळ त्याचे बाबा होते. मी गेले असते तर चाललं असतं. पुढच्या रविवारी निवडणुकीचं प्रशिक्षण आलं. तिसऱ्या रविवारी मी साडी नेसून तयार झाले, स्टँडवर गेले, सिरसाळ्याची गाडी समोर लागली, कंडक्टरनं दोनदा विचारलं, आणि मी घरी परत आले. घरी म्हणाले, गाडी चुकली. एरवी रोज मी शाळेत असायची, वस्ती शाळेपासून हाकेच्या अंतरावर, तरी तिकडं पाय वळला नाही. काय बोलायचं ते मी मनात कितीदा जुळवलं. वडिलांना सांगू शकले, कारण ते अचानक समोर येऊन बसले होते. तिच्यासमोर स्वतःहून जाऊन बसायचं मला जमेना. मग ऐकलं की तिनं आर्ट्सला प्रवेश घेतला. मी स्वतःला म्हणाले, आता सांगून काय होणार.

तिच्या वडिलांनी मला पुन्हा काही विचारलं नाही. रस्त्यात भेटले की हात वर करायचे.

त्याच वर्षी मी त्या खोलीतली पोती हलवली. सर आधी नको म्हणाले, तांदूळ कुठं ठेवायचा. मी म्हणाले, माझ्या वर्गात ठेवा, वर्ग मी त्या खोलीत घेते. दोन दिवस शिपाईमामा आणि मी खोली धूत होतो. लेबल नसलेल्या बाटल्या मी कुणाला हात लावू दिल्या नाहीत. कपाटातलं ते एकच पिपेट साबणानं धुतलं. आठवीचे पहिले काही तास मी तेव्हापासून असेच घेते. बादलीभर पाणी, एक पिपेट, आणि प्रत्येकानं ते तीनदा भरायचं. दर वर्षी कुणाच्या तरी तोंडात पाणी येतं, ठसका लागतो आणि वर्ग हसतो. मी हसणाऱ्यांना गप्प करत नाही. मला स्वतःला मात्र अजून हसता आलेलं नाही. नंतर मी त्यांना सांगते की मोठ्या वर्गात गेलात, की रसायन असलेल्या पिपेटला तोंड कधी लावायचं नाही, ओढायला रबरी फुगा मागायचा, फुगा नसेल तर करणार नाही म्हणायचं. तिचं नाव मी घेत नाही.

कपाटातलं सामान संपलं की दुसरं येत नाही. लिंबू, चुना, हळद, इंजेक्शनच्या सिरिंज, सलाईनची नळी, यावर आमचं बरंचसं चालतं. आरसा नसलेल्या सूक्ष्मदर्शकाखाली आम्ही फुटक्या आरशाचा तुकडा वाळूच्या पुरचुंडीवर ठेवतो. कांद्याचा पापुद्रा दिसतो. दिसला की मुलं बोलायची थांबतात.

पण हेही सांगितलं पाहिजे. प्रयोग सुरू केले त्या पहिल्या वर्षी मी प्रात्यक्षिकाचे मार्क खरे दिले. सगळ्यांत जास्त सोळा आले. सरांनी यादी पाहिली, चष्मा काढला आणि मला बसायला सांगितलं. आजूबाजूच्या शाळा वीसच देणार होत्या आणि आमची मुलं अकरावीच्या प्रवेशाला त्याच यादीत उभी राहणार होती. त्यांचं म्हणणं मला खोडता आलं नाही, तेव्हाही आणि नंतरही. मी नवी यादी केली. ती अजून तशीच करते. मुलं आता प्रयोग करतात आणि मार्क मी पूर्वीसारखेच लिहिते. सर मागच्या वर्षी निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात ते म्हणाले की मॅडमनी आमची प्रयोगशाळा सुरू केली. टाळ्या झाल्या. मी खाली मान घालून बसले होते.

यंदा मुलाच्या प्रवेशासाठी रहिवासी दाखला हवा होता. परळीत तहसीलसमोर सेतू केंद्र आहे, तिथं मी कागद घेऊन गेले. आत गर्दी होती. तीन टेबलं, तीन संगणक. माझा नंबर आला तेव्हा मधल्या टेबलावरची बाई मान वर न करता म्हणाली, कागद द्या. आवाज जरा बसलेला, सर्दी झाल्यासारखा. मी कागद पुढं केले. तिनं वर पाहिलं आणि ती उभी राहिली.

मी तिला लगेच ओळखलं नाही. चेहरा भरला होता, चष्मा होता. ओठाच्या कडेला फिकट डाग होता, त्यावरून ओळखलं.

तिनं शेजारच्या टेबलाची खुर्ची ओढून मला बसवलं. कशा आहात विचारलं. मी तिची चौकशी केली. बी.ए. झालं होतं, लग्न होऊन परळीतच दिली होती, नवरा रिक्षा चालवतो. वडील आता भट्टीवर जात नाहीत, दम लागतो. हे सांगताना ती माझे कागद एकाखाली एक लावत होती. टाचणी काढताना, पान उलटताना बोटं तशीच नेमकी चालत होती. तिच्या मागं भिंतीवर बाबासाहेबांचा छोटा फोटो होता.

तिनं विचारलं, "अजून त्याच शाळेत आहात?"

मी हो म्हणाले. मग मी म्हणाले की आता मी प्रयोग घेते. हे मी का सांगितलं कुणास ठाऊक. शाबासकी हवी होती असं नाही, पण काहीतरी हवं होतं.

"माहीत आहे," ती म्हणाली. "माझ्या भावानं सांगितलं होतं. तो होता ना तुमच्या हाताखाली."

थोडा वेळ ती टाइप करत राहिली. मी म्हणाले, "मी तुझ्याकडं येणार होते."

तिचा हात कीबोर्डवर थांबला. रागानं नव्हे, एखादी तारीख आठवावी तशी ती बोलली. "बाबांनी सांगितलं होतं मला. सगळं सांगितलं होतं. म्हणाले, मॅडम स्वतः येणार आहेत. मी पाच-सहा रविवार कुठं गेले नाही."

माझ्या मागं लोक उभे होते. एका माणसाच्या हातात रेशनकार्ड होतं, तो पुढं वाकून पाहत होता. मी म्हणाले, "माझं चुकलं."

"हो," ती म्हणाली.

एवढंच म्हणाली आणि तिनं मुलाच्या आधार कार्डाची मागची बाजू मागितली. ती मी झेरॉक्स करायला विसरले होते. तिनं स्वतः उठून करून आणली. मुलाच्या नावाचं स्पेलिंग वाचून दाखवलं, बरोबर आहे का विचारलं, मी बरोबर आहे म्हणाले. तिनं पावतीवर शिक्का मारला आणि ती माझ्या हातात दिली.

"पंधरा दिवसांनी मिळेल," ती म्हणाली. "तुम्ही नाही आलात तरी चालेल, मॅडम. मुलाला पाठवा."

मग तिनं रेशनकार्डवाल्या माणसाकडं पाहिलं आणि त्याला पुढं यायला सांगितलं. मी खुर्ची उचलून शेजारच्या टेबलाला लावली आणि बाहेर आले.